सतरा माणसांचा हलका फराळ

दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीने मला राहत्या जागेत विनापरवाना खाद्यपदार्थांचा कारखाना चालवल्याबद्दल नोटीस दिली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. मुलुंडात अजून ही गोष्ट निघते आणि सांगणारा ती नेहमी मधूनच सुरू करतो. कारखाना म्हणजे एक गोल ओव्हन, तोही शेजारणीचा, आणि त्यातून चार दिवसांत निघालेल्या त्रेचाळीस चकल्या. त्या चकल्यांवरून कुणी मला कारखानदार म्हणावं, याचं मला आजही नवल वाटतं.

सगळं सुरू झालं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ रामचंद्र, मुक्काम पार्ले. शहाऐंशीच्या मे महिन्यात त्याला हार्ट अटॅक आला. पंधरा दिवस हॉस्पिटलात काढून तो घरी आला तो कोलेस्टेरॉल हा शब्द बरोबर घेऊनच. तोवर आमच्या घराण्यात कोलेस्टेरॉल कुणालाच नव्हतं. ज्याला होतं त्याची तब्येत चांगली आहे असं आम्ही म्हणत होतो, आणि दादाची तब्येत सगळ्यांत चांगली होती.

फराळाच्या बाबतीत दादा म्हणजे आमचं हायकोर्ट. चकली उचलायची, कानाशी नेऊन मोडायची, आणि तोंडात घालायच्या आधीच निकाल द्यायचा. "मोहन कमी पडलंय." "भाजणी जाड दळली." "तेल तापायच्या आधीच सोडलीस ना गं?" नात्यातल्या बायका त्याच्या जिभेपेक्षा त्याच्या कानाला जास्त घाबरत. भाऊबीजेला आम्ही सगळे त्याच्याकडे जमायचो आणि दुपारभर त्या घरात चकल्या मोडल्याचे आवाज यायचे.

अटॅकनंतर जूनमध्ये तो एका साखरपुड्याला गेला. तिथे त्याला पंगतीतून उठवून कोपऱ्यात वेगळ्या टेबलावर बसवलं, पुढे उकडलेला दुधी ठेवला, आणि तो कसा खातो हे बघायला तीन बायका उभ्या राहिल्या. एक जण तर डोळ्यांना पदर लावून होती. दादा घरी आला आणि म्हणाला, "यापुढे मला कुणाकडे नेऊ नका." तो खरंच कुठे गेला नाही. गणपतीत एकाही घरची आरती त्याने घेतली नाही. संध्याकाळी स्टेशनाकडे फिरायला जायचा, तेही सोडलं. खिडकीत बसून राहायचा.

ऑक्टोबरात कुंदाताईंकडे वहिनींचा फोन आला. कुंदाताई म्हणजे समोरच्या दाराच्या शेजारीण. आमच्या मजल्यावर फोन त्यांच्याकडेच असल्यामुळे आमच्या घरच्या बातम्या आमच्याआधी त्यांना कळतात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, भाऊबीज यंदा आमच्याकडे नको. तुम्ही बोलावलंत तर हे कदाचित येतील. पण एक करा. त्यांना वेगळं ताट वाढू नका. तसं झालं तर पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, बघा."

वहिनींचा आवाज जरा कापरा झाला होता. मलाही गलबललं, आणि गलबललं की मी वचनं देतो. म्हटलं, "वहिनी, दादाला जे चालतं तेच आम्ही सगळे खाऊ. सतराच्या सतरा माणसं. यंदा आमच्या घरात तळण नाही." मागे कुंदाताई वर्तमानपत्र वाचण्याचं नाटक करत होत्या. त्यांचं पान उलटायचं थांबलं.

हा निर्णय मी नंदाला सांगितला तेव्हा ती कणीक मळत होती. "बरं," ती म्हणाली. आमच्या सोळा वर्षांच्या संसारात तिने ज्या ज्या गोष्टीला नुसतं 'बरं' म्हटलं, त्या सगळ्या गोष्टी मला एकट्याला निस्तराव्या लागल्या आहेत.

पहिला प्रश्न तेलाचा. दिवाळीला रेशनवर जादा पामतेल मिळायचं. आपल्याला तळायचंच नाही तर घ्यायचं कशाला, असा सरळ विचार करून मी रांगेत उभा राहिलो. तेल नको हे सांगण्यासाठी दोन तास रांगेत उभा राहिलेला मुलुंडातला मी पहिलाच इसम असावा. दुकानदार चंद्रप्रकाशशेठ यांनी माझं कार्ड बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "नको म्हणजे? साखर घेतली, रवा घेतला, तेल नको? तेल खराब हाय काय?"

"तसं नाही. आम्ही यंदा तळणार नाही."

"कोण गेलं काय घरात?"

म्हटलं, कुणी गेलेलं नाही, जाऊ नये म्हणूनच हे चाललंय. पण शेठ ऐकायला तयार नव्हते. दिवाळीचं तेल उचललं नाही तर वर उत्तर द्यावं लागतं, इन्स्पेक्टर म्हणतो कार्डच बोगस आहे, माणसं असती तर तेल नेलं असतं. मागच्या बाया एव्हाना पुढे सरकल्या होत्या. एक म्हणाली, "भाऊ, तुमचं माझ्या नावावर घ्या ना, मला दोन मुली आहेत." दुसरी म्हणाली, मला चार आहेत. तिघी-चौघींत माझ्या तेलावरून जुंपली आणि तिसरीच कुणी मला म्हणाली, "घ्यायचं नव्हतं तर आलात कशाला गर्दी करायला?" शेवटी, आपण आपल्या घरात सर्व माणसांसह जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी मी तेलाचा डबा घेऊन घरी आलो.

आता तळणाला बंदी केलेल्या घरात तेलाचा डबा. नंदाने तो नुसता बघितला. दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. "कुंदाताईंना दिला," ती म्हणाली. "त्यांच्याकडून ओव्हन आणायचाय ना तुम्हाला? नुसता कसा मागायचा?"

तो ओव्हन कुंदाताईंनी एका प्रदर्शनात घेतला होता. अॅल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची खिडकी. त्यात त्यांनी एकदा केक केला होता आणि मग ओव्हन माळ्यावर गेला होता. चकल्या तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजायच्या, करंज्या मोदकासारख्या उकडायच्या, लाडवाला तूप अगदी नावापुरतं, आणि चिवडा तेलाशिवाय, असा माझा बेत होता. एका साप्ताहिकातल्या लेखावरून मी तो आखला होता. लेख लिहिणाऱ्या बाईंचा फोटोही होता. बाई चांगल्या हसतमुख दिसत होत्या. त्यांनी स्वतः ती चकली खाल्ली नसावी हे मला उशिरा लक्षात आलं.

"अहो विद्याधरभाऊ, थोडं तरी मोहन घाला ना," कुंदाताई ओव्हन देताना म्हणाल्या. "बिनमोहनाची चकली म्हणजे वाट लागली समजा."

"मोहन म्हणजे तेलच ना, कुंदाताई?"

"तेल कसं? मोहन ते मोहन."

ओव्हनमध्ये एका वेळी आठ चकल्या मावत आणि तासभर लागे. पहिली आठांची खेप बाहेरून करपली आणि आत कच्ची राहिली. दुसरीला आच कमी केली, तर ती नुसती वाळली. तिसऱ्या वेळी मी काचेच्या खिडकीतून बघत पाटावर बसून राहिलो. बरोबर पंचेचाळीसाव्या मिनिटाला ओव्हनचा दिवा गेला. मग स्वयंपाकघरातला गेला. मग जिन्यावर माणसांचे आवाज आले, तेव्हा मला कळलं की आमच्या विंगमधल्या बारा घरांत वीज नाही.

मेन फ्यूज पहिल्या दिवशी एकदा गेला, दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी वसुबारस होती आणि तिसऱ्या मजल्यावर नुकती विजेच्या दिव्यांची माळ लावून झाली होती. त्या माळेचं आयुष्य मोजून चार मिनिटांचं ठरलं. वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन मी लोड वाढवून मागितला. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "घरगुती की धंदा?" म्हटलं, घरगुती. "उपकरण कोणतं?" म्हटलं, ओव्हन. "किती दिवस चालवणार?" म्हटलं, चार दिवस, चकल्यांसाठी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, चकल्या तळतात," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्याच संध्याकाळी नोटीस आली. आमचे सेक्रेटरी अंबादास गायकवाड. पोस्टात हेडक्लार्क होते आणि सोसायटीचं प्रत्येक पत्र जावक क्रमांक घालून स्वतःच्या हाताने आणून देत. नियमाला पक्का आणि स्वभावाने सरळ माणूस. पत्रात लिहिलं होतं की, सभासद क्रमांक नऊ यांच्या गाळ्यातून सलग तीन दिवस भट्टीसदृश उपकरण चालत असल्याचे, भाजणीचा वास येत असल्याचे आणि सामानाची ने-आण होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब खुलासा करावा.

मला राग आला. मी भावाच्या जिवासाठी धडपडतोय आणि ही माणसं मला भट्टीवाला ठरवतायत. गायकवाडांना तिथेच आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "हे घ्या. हाच माझा माल. खाऊन बघा आणि मग ठरवा."

गायकवाडांनी चकली घेतली. चावली. थांबले. दुसऱ्या बाजूच्या दाढेने प्रयत्न केला. नंदाने न सांगता पाणी आणून ठेवलं. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर मी दादाची सगळी हकिकत सांगितली ती त्यांनी मन लावून ऐकली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं, तेही जावक क्रमांकासकट: 'सदर पदार्थ समक्ष खाऊन पाहिला. तो विक्रीच्या हेतूने बनवला असण्याची शक्यता दिसत नाही. सबब नोटीस मागे घेण्यात येत आहे.'

ते पत्र नोटीस बोर्डावर लावायची काही गरज नव्हती. पण नियम म्हणजे नियम.

इतकं होऊनही मी हरलो नव्हतो. माझा अंदाज चुकला तो ताटांच्या बाबतीत. दिवाळीत आमच्याकडे घरोघर फराळाची ताटं फिरतात, आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. पाडव्यापर्यंत अकरा घरांतून अकरा ताटं आली. क्रोशाचे रुमाल वर काढले की खाली तळलेल्या चकल्या, तळलेल्या करंज्या, तळलेली शंकरपाळी. मी प्रत्येक ताट रिकामं करून त्यात माझ्या दोन-दोन चकल्या, उकडलेली एक करंजी आणि चमचाभर लाडू घालून परत पाठवलं. चमचाभर म्हणण्याचं कारण, तूप नसल्यामुळे लाडू वळलेच नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी निरोप पाठवला, "पिठाची पुडी मिळाली, पण कशाचं पीठ ते लिहिलेलं नाही."

म्हणजे तळणाला बंदी असलेल्या माझ्या घरात अकरा घरांचं तळण जमा झालं. त्यात सगळ्यांत वरचढ कुंदाताईंचं ताट. आमच्याच वाट्याच्या रेशनच्या तेलात तळलेल्या त्यांच्या चकल्या आमच्याच घरी परत आल्या होत्या. हे सगळं दादाच्या नजरेला पडता कामा नये. स्वयंपाकघरात फळ्या उघड्या, त्यामुळे मी सगळे डबे आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, नंदाच्या साड्यांच्या खाली ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. "माझ्या पैठणीला चकलीचा वास लागेल," नंदा म्हणाली. म्हटलं, माझ्या भावापेक्षा तुझी पैठणी जास्त आहे का? यावर ती पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

भाऊबीजेला दादा आला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत आला.  शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. तरी दाढी गुळगुळीत केलेली, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडलेल्या माणसाचा उत्साह. आमची धाकटी बहीण राधा हिने दोघांना ओवाळलं. सतरा जण हॉलमध्ये गोल बसलो आणि नंदाने सतरा सारख्या बशा आणल्या. दादाने आधी स्वतःची बशी बघितली, मग माझी, मग राधाची. वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली. आठवडाभरात पहिल्यांदाच मला वाटलं की मी शहाणा माणूस आहे.

मग आम्ही खायला लागलो.

सतरा माणसं फराळ करतायत आणि खोलीत आवाज नाही, असं तुम्ही कधी ऐकलंय का? कुणी चकली दातांत धरून वाट बघत होतं, कुणी ती चहात बुडवून ठेवली होती. राधाच्या यजमानांनी उकडलेल्या करंजीचा तुकडा तोंडात घेतला आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. दादाने चकली कानाशी नेऊन मोडली. कसलाच आवाज आला नाही. त्याने ती पुन्हा मोडली, मग खाली ठेवली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

राधाला द्यायची साडी कपाटात होती, म्हणून मी उठलो. आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं आणि तो वास आला. आठवडाभर मी माझ्याच चकल्या चाखत होतो, हे ध्यानात घ्या. मी साडी काढली आणि कुंदाताईंच्या डब्यातली एकच चकली उचलली. एवढ्यात राधा आत आली. "दादा किती बारीक झाला रे," म्हणत तिने डब्यात हात घातला. मग तिचे यजमान साडीचा रंग बघायला आले. मग पोरं आली, मग माझा मेहुणा, आणि शेवटी चक्क वहिनी. दहा मिनिटांत त्या खोलीत नऊ माणसं कपाटाभोवती उभी राहून, न बोलता, जमेल तेवढ्या हळू चावत होती.

दार उघडलं. दादा उभा होता.

नऊ तोंडं एकदम थांबली. माझ्या तोंडात अर्धी करंजी होती. ती गिळताही येईना आणि लपवताही येईना.

"थांबलात का?" दादा म्हणाला.

 वहिनींनी हात पदराखाली नेला.

"सहा महिने झाले. मी खोलीत शिरलो की सगळ्यांची तोंडं थांबतात. ही स्वयंपाकघराचं दार लावून पापड खाते, मला काय कळत नाही? पोरं गॅलरीत जाऊन वेफर खातात. ऑफिसातले भेटायला आले, बिस्किटाला हात लावेनात. अरे, घरात मयत झाल्यासारखं वागता सगळे, आणि मी तर समोर बसलोय." त्याचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "मला खायचं नाही रे विद्या. डॉक्टरने तोंड बांधलंय, कान नाही बांधले. म्हटलं तुझ्याकडे जाऊ, तू तरी समोर बसून खाशील. तर तू हे लाकूड वाढून ठेवलंस सगळ्यांना."

मला रडू आलं. पण तोंडात करंजी असताना माणसाला नीट रडताही येत नाही.

"आणा ते डबे बाहेर," दादा म्हणाला.

डबे हॉलमध्ये आले. दादा मधल्या खुर्चीत बसला. एकेका डब्यातली चकली कानाशी नेऊन मोडायची आणि समोरच्याच्या हातात द्यायची, असं त्याने सुरू केलं. "ही कुणाची? मोहन कमी पडलंय. ही जरा जास्त तापलेल्या तेलात गेली." कुंदाताईंची मोडली तेव्हा त्याने डोळे मिटले. "झकास. भाजणी घरची, हात सराईत. तेल तेवढं रेशनचं आहे." आवाज ऐकून उंबऱ्यात आलेल्या कुंदाताई पदराने तोंड पुसत हसल्या. पण तेल आमचं होतं हे काही त्या बोलल्या नाहीत.

ती चकली त्याने माझ्या हातात दिली. "खा. घाई नको. मला ऐकू आलं पाहिजे." मी खाल्ली. खोलीत पुन्हा पूर्वीसारखा आवाज सुरू झाला. दादाने माझी ओव्हनमधली चकली उचलली, चहात बुडवली आणि पाच मिनिटांनी खाल्ली. मग आणखी दोन खाल्ल्या. "चहात बरी लागते," तो म्हणाला. माझ्या चकलीबद्दल आजवर कुणी बोललेलं हेच एक चांगलं वाक्य आहे.

निघताना त्याने विचारलं, "शंकरपाळी कुणाची होती?" म्हटलं, गायकवाडांची. "चल, त्यांना सांगून येऊ." वहिनी बघतच राहिल्या. दादा गायकवाडांकडे गेला, तिथून कुंदाताईंकडे, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पार्ल्याहून येऊन उरलेल्या नऊ घरांत. प्रत्येक घरी तो ऐटीत बसायचा, चकली मोडून निकाल द्यायचा आणि खायला म्हणून मला पुढे करायचा. मोठ्या भावाला नाही कसं म्हणणार? पुढे पार्ल्यातली त्याची सगळी मित्रमंडळीही आम्ही अशीच पुरी केली.

जानेवारीत त्याच्याच डॉक्टरांकडे आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं. दादाचं कोलेस्टेरॉल खाली आलं होतं. माझा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि हे इतकं कुणी खायला सांगितलं म्हणून विचारलं. मी दादाकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

यंदाही भाऊबीज आमच्याकडेच आहे. नंदा तळते, कुंदाताई मदतीला येतात आणि ओव्हन पुन्हा माळ्यावर गेला आहे. दादा आणि मी दोघं शेजारी शेजारी बसतो, पुढ्यात उकडलेला दुधी, आणि बाकीच्या पंधरा जणांना सांगून ठेवलंय की आमच्यासमोरच खायचं, तोंड उघडून. चकली आता आम्ही दोघंही कानानेच खातो. मोहन कमी पडलं की हल्ली मलाही कळतं.